सुटीचे गणित आणि घरची माणसे

नव्या वर्षाची दिनदर्शिका घरात आली की बहुतेक कुटुंबांत पहिला शोध सुरू होतो तो तांबड्या अक्षरांतील तारखांचा. कोणती सुटी रविवारी येऊन वाया गेली, कोणती शुक्रवारी किंवा सोमवारी येऊन रविवारला बिलगली, हा हिशेब मुले वडीलधाऱ्यांच्याही आधी करून मोकळी होतात. त्यात वावगे काही नाही. वर्षभर काम करणाऱ्या माणसाने विसाव्याचे दिवस मोजावेत हे स्वाभाविकच आहे. परंतु सुटी सापडणे आणि ती सत्कारणी लागणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. हे मला २०२३ साली थोडे उशिरा, पण चांगले कळले. तो अनुभव वाचकांपुढे ठेवून त्यातून निघणारे चार उपयोगी विचार येथे मांडत आहे.

एक दिवस आणि सात अर्ज

मी दिल्लीत भाषांतराचे काम करते. आमच्या विभागात निरनिराळ्या भाषांची माणसे एकाच दालनात बसतात. २०२३ साली १५ ऑगस्ट मंगळवारी आला होता. शनिवार आणि रविवार आम्हांला सुटी असते. म्हणजे मधल्या सोमवारी, १४ तारखेला, एक रजा टाकली की सलग चार दिवस मोकळे मिळत होते. माझे माहेर सातारा जिल्ह्यातील एका खेड्यात आहे. निवृत्त शिक्षक असलेले माझे वडील, म्हणजे अण्णा, आणि आई असे दोघेच तेथे राहतात. अण्णांची काही कामे साचली होती. थोरल्या काकांच्या पश्चात जमिनीच्या उताऱ्यावर वारसनोंद व्हायची होती, आणि त्यांच्या एका डोळ्याने अंधूक दिसू लागले होते.

मी ४ ऑगस्टला रजेचा अर्ज दिला तेव्हा समजले की अकरांपैकी सात जणांनी तोच सोमवार मागितला आहे. अंक छपाईला जाण्याचा आठवडा होता. निम्मी माणसे तरी हजर हवीत, असे वरिष्ठांनी सांगितले, आणि ज्यांनी जुलैतच अर्ज केले होते त्यांच्या रजा मंजूर झाल्या. माझा अर्ज परत आला. खरे सांगायचे तर तो मंजूर होऊनही काही साधले नसते, कारण आगगाडीचे तिकीट प्रतीक्षा यादीत फार मागे होते. शिवाय दिल्लीहून पुण्याला पोहोचून पुढे एस.टी.ने गाव गाठायचे म्हणजे जवळजवळ एक दिवस प्रवासातच जातो. चार दिवसांतले दोन जाण्यायेण्यात गेले असते. उरलेल्या दोनांत एक रविवार आला असता नाहीतर मंगळवारची राष्ट्रीय सुटी.

अण्णांना फोन केला. ते एवढेच म्हणाले, "बरं. दिवाळीला ये."

दिवाळीला गेले. त्या वर्षी लक्ष्मीपूजन रविवारी, १२ नोव्हेंबरला होते. ते सासरी, नाशिकला झाले. पाडव्याला, म्हणजे मंगळवारी १४ तारखेला, माहेरी पोहोचले. बुधवारी भाऊबीज झाली आणि गुरुवारी पहाटे परतीचा प्रवास सुरू झाला. घर भरले होते, फराळ झाला, भावाला ओवाळले. पण त्या दोन दिवसांत तलाठी कार्यालय बंद होते आणि तालुक्याच्या डोळ्यांच्या डॉक्टरांचा दवाखानाही. निघताना अण्णा एस.टी.पर्यंत पोहोचवायला आले. त्यांच्या खिशात घडी घातलेला एक कागद होता. तो त्यांनी काढला, पाहिला आणि पुन्हा ठेवून दिला. मी विचारले तेव्हा म्हणाले, "अगं, सणाला तू येतेस त्याचा आनंदच आहे. पण माझी कामं सणाला झोपलेली असतात. एकदा कामाच्या दिवशी ये."

या एका वाक्याने माझे सुटीचे सारे गणित उलटे केले. मी दिनदर्शिकेत मोकळे दिवस शोधत होते. अण्णांना मात्र उघडे दिवस हवे होते.

तारखांचे तीन प्रकार

सुट्यांची आखणी करायची तर आधी त्यांचे स्वभाव ओळखले पाहिजेत. आपल्या देशातील बहुतेक सुट्या तीन प्रकारच्या तारखांना येतात.

पहिला प्रकार इंग्रजी तारखेला बांधलेल्या सुट्यांचा. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तीन राष्ट्रीय सुट्या, तसेच १ मे आणि २५ डिसेंबर हे दिवस यात येतात. यांची तारीख बदलत नाही, वार बदलतो. परंतु हे वार एकमेकांशी एका साध्या नियमाने जोडलेले आहेत. १ मे, २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर हे तिन्ही दिवस दरवर्षी एकाच वारी येतात, कारण त्यांच्यामधील अंतर पूर्ण आठवड्यांचे आहे. १५ ऑगस्ट त्यांच्या पुढच्या वारी येतो. साध्या वर्षात २६ जानेवारीचा जो वार असेल त्याच्या दोन वार अलीकडे १५ ऑगस्ट येतो, लीप वर्षात एक वार अलीकडे. म्हणजे एक वार माहीत झाला की पाचही दिवसांचा अंदाज घरबसल्या बांधता येतो. २०२६ साली २६ जानेवारी सोमवारी, १ मे, २ ऑक्टोबर आणि २५ डिसेंबर शुक्रवारी, तर १५ ऑगस्ट शनिवारी. २०२७ साली हेच तिन्ही शुक्रवार सरकून शनिवार होतात आणि स्वातंत्र्यदिन रविवारी येतो. २०२८ साली ते तिन्ही सोमवारी आणि १५ ऑगस्ट मंगळवारी. म्हणजे २०२३ मध्ये आमच्या दालनात जो सोमवारचा पेच पडला तोच १४ ऑगस्ट २०२८ रोजी पुन्हा पडणार आहे. वाचकांनी आतापासूनच लक्षात ठेवावे!

दुसरा प्रकार आपल्या पंचांगातील तिथींना येणाऱ्या सणांचा. बारा चांद्र महिन्यांचे वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, म्हणून सण दरसाल सुमारे अकरा दिवस अलीकडे येतात आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जातात. २०२५ साली गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला होती. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्याने ती १४ सप्टेंबरला आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला येते. कधी दोन प्रकार एकमेकांवर येऊन आदळतात. २०२५ साली दसरा आणि गांधी जयंती एकाच दिवशी, २ ऑक्टोबरला आली आणि दोन सुट्यांची एक झाली.

तिसरा प्रकार मुस्लिम बांधवांच्या सणांचा. त्यांच्या वर्षात अधिक महिना नसल्याने ते सर्व ऋतूंतून फिरतात, आणि चंद्रदर्शनाप्रमाणे एखाद्या दिवसाचा फरकही पडतो. या दिवसांना जोडून प्रवास आखणाऱ्याने एका दिवसाची सवड ठेवलेली बरी.

एकाच देशात एकच सण निरनिराळ्या दिवशी येण्याचा गोंधळ जुना आहे. तो दूर करण्यासाठी १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. त्या वेळी देशात सुमारे तीस प्रकारची पंचांगे चालू असल्याचे समितीला आढळले. तिच्या शिफारशींतून २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे शके १८७९ च्या १ चैत्रापासून, राष्ट्रीय दिनदर्शिका सरकारी व्यवहारात आली.

कोणत्या रजेचा कोठे उपयोग

केंद्र सरकारच्या कार्यालयांना वर्षाला १७ सुट्या असतात. त्यांपैकी १४ साऱ्या देशात सक्तीच्या, आणि उरलेल्या तीन १२ सणांच्या यादीतून त्या त्या ठिकाणच्या कर्मचारी समन्वय समित्या निवडतात. याखेरीज प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतःच्या पसंतीच्या दोन ऐच्छिक सुट्या घेता येतात. परप्रांतात राहणाऱ्या कुटुंबांना या दोन सुट्यांचे मोल मोठे आहे. उदाहरणार्थ, २०२५ च्या दिल्लीतील यादीत गणेशचतुर्थीची सुटी सर्वांना नव्हती, ती ऐच्छिक होती. गुढीपाडवा आणि गणेशचतुर्थी घरी साजरी करायची तर त्या दोन सुट्या इतरत्र उधळून चालत नाही. मात्र सक्तीची सुटी शनिवारी किंवा रविवारी आली तर तिच्या बदली दुसरी मिळत नाही.

नैमित्तिक रजा वर्षाला आठ दिवस असते. तिच्या मध्ये येणारे रविवार आणि सुट्या रजेत मोजल्या जात नाहीत. अर्जित रजा वर्षाला ३० दिवस, १ जानेवारीला पंधरा आणि १ जुलैला पंधरा अशी जमा होते. तिच्या आधी आणि नंतर सुट्या जोडता येतात. रजेच्या पोटात आलेल्या सुट्या मात्र रजेतच धरल्या जातात. हा भेद ठाऊक नसल्याने अनेकांची रजा नाहक खर्ची पडते. त्याशिवाय १९५६ पासून चालत आलेली रजा प्रवास सवलत आहे. चार वर्षांच्या एका गटात, जसा २०२६ ते २०२९ हा, दोन वेळा स्वग्रामी, अथवा एकदा स्वग्रामी आणि एकदा देशात कोठेही जाण्यासाठी तिचा लाभ मिळतो.

राज्य सरकारांच्या याद्या वेगळ्या असतात. महाराष्ट्र शासनाची कार्यालये २९ फेब्रुवारी २०२० पासून आठवड्यातून पाच दिवस चालतात. बँका १ सप्टेंबर २०१५ पासून महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बंद असतात. दुकाने आणि खाजगी आस्थापना यांच्यासाठी महाराष्ट्रात २०१७ चा कायदा आहे. त्यानुसार वर्षाला आठ भरपगारी सणाच्या सुट्या मिळतात. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, आणि बाकीच्या चार मालक-कामगारांच्या संमतीने किंवा वर्ष सुरू होण्यापूर्वी मालकाने जाहीर करायच्या. तेव्हा खाजगी नोकरीतील वाचकांनी आपल्या सणाची गोष्ट डिसेंबरातच काढावी. सण तोंडावर आल्यावर काढलेली गोष्ट मागणी न राहता अडवणूक वाटू लागते.

साठ दिवस आधी

रेल्वेचे आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून प्रवासाच्या ६० दिवस आधी खुले होते. पूर्वी ही मुदत १२० दिवसांची होती. २०२६ च्या दिवाळीसाठी ५ नोव्हेंबरला निघायचे असेल तर आरक्षण ६ सप्टेंबरला खुले होते. म्हणजे गणपती बसण्यापूर्वीच दिवाळीच्या तिकिटाची तारीख येऊन जाते. परतीच्या प्रवासाचे साठ दिवस निराळे मोजावे लागतात. १५ नोव्हेंबरला परतायचे तर १६ सप्टेंबर. जाण्याचे तिकीट काढून येण्याचे विसरणारी मंडळी काही थोडी नाहीत.

तत्काल आरक्षण गाडी सुटण्याच्या स्थानकावरील तारखेच्या आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित वर्गांसाठी सकाळी दहाला आणि इतरांसाठी अकराला. परंतु त्यात जागा थोड्या असतात, आणि पक्के झालेले तत्काल तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत. प्रतीक्षा यादीतील तिकिटावर आरक्षित डब्यात बसता येत नाही. म्हाताऱ्या माणसांना आणि मुलांना घेऊन अशा भरवशावर स्थानक गाठू नये. गर्दीच्या आदल्या दिवसाऐवजी एक दिवस पुढे किंवा मागे निघण्याची तयारी ठेवली तर जागा मिळण्याचा संभव वाढतो. त्यासाठी रजेचा एक दिवस जास्त गेला तरी तो वाया गेला असे समजू नये.

भिंतीवरचा तक्ता

जोडून आलेली सुटी सर्वांना हवी असते, पण ती सर्वांना एकाच वेळी मिळू शकत नाही. आपण गावी जातो तेव्हा एस.टी.चा चालक आणि वाहक कामावर असतात, गाडीचा चालक आणि स्थानकावरचा कर्मचारी कामावर असतो, रुग्णालयात परिचारिका पाळी करीत असते. आपल्या सुटीत कोणाचे तरी काम गुंफलेले असते, हे एकदा मनात ठसले की कचेरीतील वाटणीकडे पाहण्याची दृष्टीही बदलते.

२०२३ च्या डिसेंबरात आम्ही दालनाच्या भिंतीवर एक तक्ता लावला. प्रत्येकाने त्यावर आपल्याला कोणत्याही परिस्थितीत सोडता येणार नाही असा एकच प्रसंग लिहायचा, असे ठरले. मल्याळी सहकाऱ्याने ओणम लिहिला, बंगाली बाईंनी दुर्गापूजेची अष्टमी, आसामी तरुणाने एप्रिलमधील बिहू, तमिळ गृहस्थांनी पोंगल. एकाने कोणताच सण न लिहिता आईच्या शस्त्रक्रियेची तारीख लिहिली. तक्ता पुरा झाल्यावर ध्यानात आले की आमचे अगदी आवश्यक दिवस एकमेकांशी फारसे भांडतच नव्हते. भांडण होत होते ते केवळ शुक्रवार आणि सोमवार यांच्यासाठी. तेव्हापासून सांध्याचे दिवस पाळीपाळीने वाटून घेतले जातात. ज्याला या वेळी मिळाला त्याने पुढच्या वेळी कामावर राहायचे. हा नियम कोठल्या परिपत्रकात नाही, पण तो मोडल्याचे मला आठवत नाही.

मी त्या तक्त्यावर सण लिहिला नाही. 'जानेवारीतील तीन कामाचे दिवस' असे लिहिले.

२०२४ साली २६ जानेवारी शुक्रवारी आला. मी सोमवार २२ पासून गुरुवार २५ पर्यंत चार दिवसांची अर्जित रजा घेतली. मागचे आणि पुढचे शनिवार-रविवार आणि शुक्रवारची राष्ट्रीय सुटी जोडून चार रजांत नऊ दिवस झाले. रविवारी निघून सोमवारी संध्याकाळी घरी पोहोचले. मंगळवारी अण्णांनी खिशातला तोच कागद काढला. वारसनोंदीचा अर्ज कागदपत्रांसह दाखल झाला. बुधवारी डोळे तपासून झाले, मोतीबिंदू असल्याचे कळले आणि शस्त्रक्रियेची तारीख ठरली. गुरुवारी बँकेतील खात्याला आईचे नामनिर्देशन झाले. प्रत्येक काम झाले की अण्णा पेन्सिलीने त्यावर रेघ मारीत.

शुक्रवारी सकाळी आम्ही तिघे गावच्या शाळेत झेंडावंदनाला गेलो. ज्या शाळेत अण्णांनी अनेक वर्षे शिकवले त्याच पटांगणात मुले ओळीने उभी होती. त्यानंतर ग्रामसभा होती. महाराष्ट्रात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांना ग्रामसभा भरवण्याचा प्रघात आहे, पण परगावी राहणाऱ्या माझ्यासारख्यांना तो केवळ ऐकून माहीत असतो. राष्ट्रीय सुटीचा दिवस प्रवासात झोपून घालवण्यापेक्षा तो असा गावात घालवला तर सुटीमागचा अर्थही मुलांना न शिकवता कळतो.

घरात बसून करायची आखणी

या अनुभवावरून एवढेच सुचवावेसे वाटते की नव्या वर्षाच्या सुट्यांची यादी हाती आली की एका संध्याकाळी सर्व कुटुंबाने एकत्र बसावे. प्रथम सण आणि सुट्या न पाहता घरच्या माणसांची गरज लिहावी. कोणाची तपासणी आहे, कोणाचे कागद अडले आहेत, कोणाकडे वर्षभरात जाणे झाले नाही. मग त्यांतील कोणत्या कामांना कचेऱ्या उघड्या हव्यात आणि कोणती सुटीतही होतील, अशी विभागणी करावी. काही कामांना जाण्याचीही आवश्यकता नसते. केंद्र सरकारच्या निवृत्तिवेतनधारकांना नोव्हेंबरात द्यावा लागणारा हयातीचा दाखला २०१४ पासून 'जीवन प्रमाण' योजनेतून संगणकीय पद्धतीने देता येतो, आणि ८० वर्षांवरील वृद्धांना तो १ ऑक्टोबरपासूनच देण्याची मुभा आहे. अशा कामांसाठी रजेचा दिवस खर्चू नये.

त्यानंतर दिनदर्शिका उघडावी. सासर आणि माहेर, दोन्हीकडचे हक्काचे दिवस त्याच बैठकीत ठरवावेत, म्हणजे ऐन दिवाळीत गृहिणीला दोन घरांमध्ये ओढाताण सोसावी लागत नाही. प्रवासाचे दिवस वजा केल्यावर हाती काय उरते ते पाहावे. रजेचा अर्ज आणि आरक्षणाची तारीख वहीत टिपावी. आणि दोन-तीन नैमित्तिक रजा अडीअडचणीसाठी शिल्लक ठेवाव्यात, कारण आजारपण दिनदर्शिका पाहून येत नाही.

अण्णांना आता दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसते. दर डिसेंबरात ते फोनवर विचारतात, "या वर्षी किती जोडून सुट्या आल्या गं?" मी त्यांना विचारते, "अण्णा, तुमच्या कागदावर किती कामं आहेत?" आधी त्यांचे उत्तर मिळते, मग आम्ही दिनदर्शिका पाहतो.